घरी बांधलेला हॉर्न सबवूफर, दहा महिन्यांनंतर: कापूस होता तोवर झकास

हे मी दिवाळीनंतरच लिहिणार होतो आणि तेव्हा लिहिलं असतं तर नुसती स्तुती लिहिली असती, बरं झालं नाही लिहिलं. जूनमध्ये त्या सबवूफरच्या (नुसता खालचा जाड आवाज, म्हणजे बास, वाजवणारा स्पीकर) डब्याच्या पोटातून उंदराची चार गुलाबी पिल्लं काढली, मग वॉरंटीवाल्यांशी भांडलो, आणि त्याच्याही आधी हे कळलं होतं की ज्या बासचं कौतुक मी गावभर सांगत फिरलो तो निम्माच हॉर्नचा होता. निम्मा आमच्या कापसाचा होता. सांगतो.

स्पेक थोडक्यात सांगतो, घोळत बसत नाही. टॉम डॅनली या स्पीकर डिझायनरच्या पद्धतीचा टॅप्ड हॉर्न, म्हणजे वूफरची (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) एक बाजू नळीच्या बंद टोकाला आणि दुसरी बाजू त्याच नळीच्या तोंडाजवळ. १५ इंची डीजेवाला वूफर, १८ एमएम प्लाय, बाहेरून ४ बाय ३ बाय २ फूट, खाली २५ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला २५ कंपनं, एवढा खालचा सूर). डिझाइन हॉर्नरेस्पमध्ये केलं, हॉर्न कसा वाजेल ते कॉम्प्युटरवर आधीच दाखवणारं, डेव्हिड मॅकबीनचं ते सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दिसायला जुन्या सरकारी फॉर्मसारखं आहे, पण जे सांगते ते खरं सांगते. २५ हर्ट्झची लाट पावणेचौदा मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा धरला तरी साडेतीन मीटरच्या आसपास नळी पाहिजे, तीच घड्या घालून पेटीत बसवायची, म्हणून एवढं धूड. घरात आणलं तेव्हा आई म्हणाली, "कोठी आनली का रे? सोयाबीन किती मावन यात?"

खर्च सगळा धरून तीस हजार. वूफर साडेआठ, प्लायचे तीन शीट साडेदहा, जुना डीजेचा अँप्लिफायर सहा, लहान डीएसपी बोर्ड (कोणता सूर किती वाजवायचा ते ठरवणारा) आणि वायर-स्क्रू-फेविकॉल मिळून दोन, सुतारकाका तीन. त्या साली (२०२४-२५) लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता, म्हणजे बरोबर चार क्विंटल कापूस. हा हिशोब मी नाही केला, बायकोनं केला, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव 'चार क्विंटल' आहे. "चार क्विंटल बंद करा, बाबा झोपले."

सुतारकाकांबद्दल थोडं सांगतोच. माणूस हाताचा पक्का, पण आयुष्यभर चौकटी, दारं आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी केलेले. आतली पाटी तिरपी पाहिजे हे त्यांना पटेचना. ड्रॉइंगवर मी खुणा करून दिल्या, दुपारी वावरातून आलो तर काकांनी सगळ्या पाट्या गुण्यात काटकोनात बसवून ठेवलेल्या. "तिरप्या वाकड्या दिसत होत्या भाऊ, सरळ करून देल्या." फेविकॉल अजून ओला होता म्हणून वाचलो, नाहीतर हॉर्नच्या जागी कपाट झालं असतं. नंतर त्यांना पुंगी दाखवून सांगितलं की एका टोकाला बारीक आणि पुढं रुंद होत गेली तरच हे वाजते, तेव्हा कुठं मान्य झालं. तरी शेवटी विचारलंच, "याले दार काऊन नाही?" तो प्रश्न तेव्हा मी हसण्यावारी नेला. पुढं येतो त्यावर.

आवाज. दिवाळीच्या रात्री पहिल्यांदा पूर्ण पिक्चर लावला. मी आधी १० इंची विकतचा पावर्ड सब वापरत होतो, तो आवाज करायचा. हा आवाज करत नाही, हा हवा हलवते. हेलिकॉप्टरच्या सीनला दाराचा पडदा हलला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे गंज (भांडी) एकमेकांना लागून किणकिणले. बाबा बाहेरून येऊन विचारून गेले की ट्रॅक्टर कोणी चालू ठेवला. आणि हे सगळं अँप्लिफायरचा नॉब घड्याळातल्या नऊवर असताना.

आमच्याकडच्या लोकांनी हॉर्न का करावा तर यासाठी. साध्या सीलबंद सबपेक्षा १० डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) जास्त मिळाले तर तेवढ्याच आवाजाला वॅट दहावा हिस्सा लागतात. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी घरात १७० व्होल्ट राहते, तिथं मोठा अँप्लिफायर घेऊन करणार काय? माझा जुना सब अशा वेळी ढुप्प करून बंद व्हायचा. हा लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्हीसोबत पूर्ण पिक्चर ओढते.

एक चूक बऱ्याच जणांची होते, माझीही झाली. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या डब्यात) सबचं अंतर टेपानं मोजून ११ फूट टाकलं. बास होता पण ढोल आधी की माणूस आधी कळत नव्हतं, ठोसा लागायचा आणि धप्प मागून यायचं. दोन आठवडे मी वायरीच उलटसुलट करत बसलो. मग डोक्यात आलं की आवाज तर पेटीच्या आत आधी अकरा फूट चालून मग बाहेर निघून राहिला, त्याला दहा मिलिसेकंद तिथंच लागतात. अंतर २२ फूट टाकलं आणि एका झटक्यात सगळं जागेवर बसलं. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडं जातात ती हद्द, ८० हर्ट्झवर ठेवा, शंभरच्या वर टॅप्ड हॉर्न खडबडीत होते. आणि खालून २२ ला हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावाच, कारण हॉर्नच्या हद्दीखाली कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, काहीच अडवत नाही, तो मोकाट सुटते. हायपास नाही लावणार असाल तर कोन हलवणारी एक्स्ट्रा कॉइल घेऊनच ठेवा.

इथपर्यंत दहापैकी दहा. आता कापूस.

आमचा हॉल २४ बाय १२ फूट, वर स्लॅब. नोव्हेंबरपासून भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरला, हॉलच्या मागच्या आठ फुटांत, खालपासून पार छतापर्यंत. ज्याच्या घरात कापूस राहते त्याला माहीत आहे, अंगाला खाज सुटते, पोट्टे त्याच्यावर उड्या मारतात, आणि मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून पिक्चर पाहायचो. चार महिने बास असा की काय सांगू, कोरडा, सुटसुटीत. मित्राला म्हटलं हॉर्न म्हणजे हॉर्न गड्या, डब्बे विकून टाक.

मार्चमध्ये कापूस विकला. भाव काही वाढला नव्हता, ते जाऊ द्या. हॉल धुतला, संध्याकाळी पिक्चर लावला आणि मला वाटलं वूफर फाटला. नुसतं भुंऽऽऽ. प्रत्येक ढोल, प्रत्येक दार आपटणं, एकाच सुरात घुमून राहिलेलं. एका दोस्ताचा माइक आणून लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड या सॉफ्टवेअरनं मोजलं तर ४७ हर्ट्झला डोंगर उभा. मग कागदावर खोलीचे मोड (समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमणारे सूर) मांडले: १२ फूट रुंदीचा पहिला मोड ४७ ला, २४ फूट लांबीचा दुसरा मोडही ४७ लाच, लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असली की दोन्ही एकाच जागी येऊन बसतात. कापूस होता तेव्हा खोली सोळा फुटांची झाली होती आणि मागची भिंत आठ फूट जाड कापसाची होती. त्याच्यापेक्षा मोठा बास ट्रॅप (बास शोषून घेणारा गठ्ठा) कोणत्या स्टुडिओत असेल मला माहीत नाही. हमीभावानं किंमत काढली तर अडीच लाखाच्या वर जाईल.

वरून मी पेटी कोपऱ्यात ठेवलेली. पॉल क्लिप्श या स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकन इंजिनिअरनं खोलीचा कोपराच हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरला, ते वाचून मीही तसंच केलं, आणि कोपरा तर प्रत्येक मोडला पाणी घालते. आता पेटी लांब भिंतीच्या पाव लांबीवर, कोपऱ्यापासून सहा फुटांवर सरकवली, रुंदीच्या मोडसाठी बसायची जागा बदलली, ४७ ला डीएसपीमध्ये काप दिला, आणि घरातल्या पाहुण्यांच्या सात गाद्या दोन कोपऱ्यांत उभ्या रचल्या. आता दहापैकी सात. पाहुणे आले की पाच.

(उन्हाळ्याची एक गंमत. आवाजाचा वेग तापमानासोबत वाढते, डिसेंबरच्या १२ डिग्रीत सेकंदाला ३३८ मीटर, मे मध्ये कूलर बंद असताना खोलीत ४२ झालं की ३५६. नळी तेवढीच, म्हणजे माझा २५ चा हॉर्न उन्हाळ्यात सव्वा हर्ट्झ वर सरकते. ऐकू काही येत नाही, पण मला माहीत आहे ना, मग त्रास होते.)

आता काकांचा दाराचा प्रश्न. कापूस गेला पण कापसासोबत आलेले उंदीर गेले नाहीत. त्यांना अंधारी, सुकी, एका बाजूनं बंद, साडेतीन मीटर लांब बोगदा मिळाला, दार नसलेला. जूनच्या पहिल्या पावसानंतर पिक्चर लावला तर बासच्या जागी फरफर, जशी पोळ्याच्या पताका वाऱ्यात वाजतात तशी. आधी वाटलं पडवीची टिनं ढिली झाली असतील, टिनांवर चढून दगड ठेवले. मग वाटलं मांडणीवरचे गंज वाजत असतील. बायकोनं सगळे गंज खाली काढून ठेवले आणि मी सबला टोन दिला तरी फरफर. शेवटी वूफरकडचं पॅनल खोललं, चौदा स्क्रू. कोनच्या कडेला दोन बोटं जातील एवढं भोक. आणि टॉर्च मारला तर पार बंद टोकाशी आपल्याच शेतातला कापूस, छान पिंजून, गोल घरटं करून, त्यात ती चार.

वूफर सात महिन्यांचा, वॉरंटी एक वर्षाची. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्यांनी आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ. मग म्हणे पाठवा. कुरिअर माझ्या खर्चानं. अकरा दिवसांनी मेल आला की उंदरानं कुरतडणं वॉरंटीत बसत नाही, माल परत हवा असेल तर परतीचं कुरिअरही तुम्ही भरा. दोन्ही मिळून १,१४०. अरे फोटोत स्पष्ट दात दिसून राहिले होते, तेव्हाच सांगायचं ना बे! नकाराचं दुःख नाही, आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "उंदरानं खाल्लं तं कंपनी काय करन?" पण त्या १,१४० चा राग अजून गेला नाही.

शेवटी यवतमाळला डीजेची दुरुस्ती करणाऱ्या एका पोराकडं नेला. त्यानं २,२०० मध्ये नवा कोन, नवी कॉइल, दोन तासांत. चिकटवता चिकटवता म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं गणपतीच्या आधी दर साली दहा-पंधरा असेच येतात, गोदामातले. जाळी लावत जा." त्या दुकानापेक्षा मला याच पोराची वॉरंटी पटते.

जाळीचं नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. अर्धा इंची वेल्डमेश नको, उंदराचं पिल्लू त्यातून आरामात जाते. पाव इंची घ्या. तोंडाजवळ नळी रुंद असते, हवेचा वेग कमी, त्यामुळं बासला काही होत नाही. पण नुसते खिळे मारले तर जाळीच झणझणते, माझी ३८ हर्ट्झला झणझणली आणि मी परत एक रविवार गंज खाली उतरवण्यात घालवला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चौकटीखाली दाबल्या, दर चार इंचावर स्क्रू, तेव्हा शांत झाली. एकूण खर्च १८० रुपये. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर ३,३४० वाचले असते.

काकांना पोळ्याला बोलावून जाळी दाखवली. त्यांनी बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "आता झालं दार." उरलेल्या प्लायची त्यांनी आमच्या लहान्याच्या नंदीला चाकं करून दिली.

यंदा बायको म्हणते कापूस निघाला की सरळ विकून टाका, घरात खाज नको, उंदीर नको. मी म्हटलं भाव वाढेपर्यंत थांबू, मार्चपर्यंत ठेवू, हॉलमध्येच. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग चार क्विंटलकडं पाहिलं, आणि काहीच बोलली नाही.