कियोमिझु-देरा मंदिराजवळची सिगारेट ओढायची सोय: कोल्हापूरकर प्रवाशांसाठी

कियोमिझु-देरा हे जपानच्या क्योटो शहरातलं मंदिर. क्योटोला निघण्यापूर्वी सिगारेट ओढणाऱ्याने एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. तिथले नियम आपल्या बरोबर उलटे आहेत. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेल, ऑफिस, एसटी स्टँड इथं बंदी आणि २०० रुपयांपर्यंत दंड. म्हणून माणूस बाहेर येतो आणि महाद्वार रोडला एखाद्या टपरीशी उभा राहून ओढतो. क्योटोत बाहेर येऊन रस्त्यावर पेटवली की दंड, आणि ओढायला परवानगी मिळते ती ठरवून दिलेल्या जागेतच, बऱ्याचदा दार लावलेल्या खोलीत.

मंदिराचा कियोमिझु-गिओन हा भाग शहराच्या कडक अंमलबजावणीच्या पट्ट्यात येतो. क्योटो स्टेशनचा परिसर आणि शहराचा मध्यभागही त्यातच. इथं रस्त्यावर सिगारेट पेटलेली दिसली तर दंड १००० येन. गस्तीवर माणसं असतात, जागेवर पावती फाडतात. पाहुणा आहे, माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. मंदिराच्या आवारात तर पूर्ण बंदी.

ही कडकपणाची बाजू समजून घेण्यासारखी आहे. अंबाबाईचं देऊळ दगडाचं, कियोमिझुचं लाकडाचं. मुख्य सभामंडपाचं छप्पर हिनोकी झाडाच्या सालीचं आहे, आणि वाळलेली साल ठिणगी लगेच धरते. हे मंदिर ७७८ चं मानतात, पण आगीत ते पुन्हापुन्हा जळालं. आज उभी आहे ती वास्तू १६३३ ची. २६ जानेवारी १९४९ ला जपानमधल्याच होर्यू-जी मंदिरात आग लागून तिथली प्राचीन भित्तिचित्रं जळाली. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा आला. आजही दर २६ जानेवारीला जपानभर मंदिरांत आग विझवण्याच्या कवायती होतात. अशा वास्तूशेजारी थोटूक टाकणाऱ्याला दंड होतो, हे योग्यच आहे.

आता प्रत्यक्ष सोय कशी आहे ते. क्योटो स्टेशनची सोय चांगली. उत्तरेकडची कारासुमा बाजू आणि दक्षिणेकडची हाचिजो बाजू, दोन्हीकडे धूम्रपानाची जागा आहे. बस पकडण्याआधी तिथंच उरकून घ्यावं. स्टेशनवरून २०६ नंबरची बस गोजोझाका स्टॉपला साधारण १५ मिनिटांत पोचते. तिथून चढण सुरू होते, देवळापर्यंत १०-१५ मिनिटं. वर तिकीट ५०० येन, सकाळी ६ ला उघडतं. मंदिर, ओतोवा धबधबा, मग सान्नेनझाका-निनेनझाका या गल्ल्यांतल्या दुकानांतून खाली, असे अडीच तास सहज जातात. त्या चढणीवर सिगारेटची जागा हुडकत बसण्यात अर्थ नाही. गल्ल्या अरुंद, गर्दी खांद्याला खांदा लागेल अशी, आणि सोय तुटपुंजी. ग्रुप टूरची बस खाली थांबते, तेव्हा गाइडला उतरण्याआधीच विचारून घ्या. चढून गेल्यावर तोही काही करू शकत नाही.

या सोयीत आमचा सगळ्यात मोठा आक्षेप संख्येवर आहे. एवढी गर्दी असलेल्या भागात जागा फारच कमी, आणि ज्या आहेत त्यांच्या पाट्या बऱ्याचदा फक्त जपानीत. दुसरी अडचण नकाशाची. फोनच्या नकाशावर कुणीतरी वर्षांपूर्वी टाकलेली खूण असते, तिथं पोचलं तर जागा बंद झालेली किंवा हलवलेली. म्हणून महापालिकेने प्रसिद्ध केलेला सार्वजनिक धूम्रपान जागांचा नकाशा त्याच दिवशी सकाळी बघावा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा. विचारायचं झालं तर एवढं पुरतं: ‘सुमिमासेन, कित्सुएनजो वा दोको देस का?’ (माफ करा, धूम्रपानाची जागा कुठं आहे?)

धूम्रपानाच्या खोलीत गेल्यावर दार धरून उभं राहू नका. तिथल्या नियमानुसार दारातून हवा बाहेरून आत, सेकंदाला किमान ०.२ मीटर वेगाने यावी लागते. दार उघडं राहिलं की हवेचा हा जोर कमी पडतो आणि धूर बाहेर येतो. राखेच्या भांड्यात थोटकंच टाकायची. टिश्यू किंवा रिकामं पाकीट टाकलं तर धुमसतं. बाहेर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, त्यामुळे पाकीट खिशातच ठेवावं लागतं. १०० येनच्या दुकानात खिशात मावणारी राखदाणी मिळते, जरूर घ्या. पण ती जवळ असली म्हणून रस्त्यावर ओढायची मुभा मिळत नाही. इथं बरेच जण फसतात.

जुन्या छोट्या कॉफीच्या दुकानांत अजून बसून ओढता येतं. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या जपानच्या कायद्यात आधीपासून चालू असलेल्या, १०० चौरस मीटरपर्यंत बैठक असलेल्या लहान दुकानांना सवलत आहे. दारावर तशी पाटी लावावीच लागते. मात्र २० वर्षांखालच्या कुणालाही आत घेत नाहीत, आईवडील सोबत असले तरीही. घरची पोरं बरोबर असतील तर हा पर्याय सोडून द्यावा.

टोकियोहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: तोकाइदो शिंकान्सेनमधली (टोकियो-क्योटो मार्गाची बुलेट ट्रेन) धूम्रपानाची खोली मार्च २०२४ पासून बंद आहे. सव्वादोन तास काहीच नाही. सिगारेट दुकानात काउंटरमागे असते, नंबर सांगून मागायची, आणि स्क्रीनवर २० वर्षं पूर्ण असल्याचं बटण दाबायचं. मावा खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगणं भाग आहे: रस्त्यात थुंकणं हा तिथं किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याखाली येणारा गुन्हा आहे.

गुणांचं बोलायचं तर स्वच्छता, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आणि शिस्त याला पाचपैकी साडेचार. मंदिराजवळच्या उपलब्धतेला दोन, त्यापेक्षा जास्त देता येत नाही.

तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रं तिथं सर्रास मिळतात, अनेकांना ती घेऊन यावीशी वाटतात. ती आणू नका. २०१९ च्या कायद्याने त्यांची आयात भारतात बंद आहे, आणि मुंबई विमानतळावर कस्टम्सवाल्यांनी बॅग उघडली तर ती तिथंच जप्त होतात.