न्यूयॉर्कमध्ये डेली आणि बेगल: कॅट्झ, सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली, रस अँड डॉटर्स की बार्नी ग्रीनग्रास?

न्यूयॉर्कला दोनतीन दिवसांसाठी जाणारे बहुतेक जण एकच बेत करतात, एक चांगली डेली बघू आणि तिथेच बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेला गोल चिवट पाव, पण खाऊन घेऊ म्हणजे एका फेरीत दोन्ही होईल. माझं स्पष्ट मत आहे की असं करू नका. हे दोन वेगळे खाद्यप्रकार आहेत, दुकानं वेगळी, वेळा पण वेगळ्या, आणि एकाच ठिकाणी दोन्ही मागितलं की दोन्हीपैकी एक हमखास सुमार मिळतं.

कारण साधं आहे. ज्यू लोकांच्या कोशर नियमात, म्हणजे खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमात, मांस आणि दूध एकत्र चालत नाही. त्यामुळे मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी दुकानं टाकली तेव्हा ती दोन प्रकारची झाली. एक मांसाची, म्हणजे पास्ट्रामी (मसाला लावून धुरी दिलेलं मांस), कॉर्न्ड बीफ (मिठाच्या पाण्यात मुरवलेलं), सलामी, तीच डेली. दुसरी मासे आणि दुधाच्या पदार्थांची, स्मोक्ड सॅमन, हेरिंग, क्रीम चीज वगैरे, तिला तिकडे अ‍ॅपेटायझिंग स्टोअर म्हणतात, आणि क्रीम चीज लावलेला बेगल हा या दुसऱ्या घरचा. शिवाय आता कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही न्यूयॉर्कवाले डेलीच म्हणतात, तिथे सकाळी अंडं-चीज रोल झकास मिळतो पण आपण शोधतोय ती डेली ती नाही, मॅपवर नुसतं डेली टाकलं की शेकडो ठिपके येतात ते हेच.

आधी मांसाची बाजू. इथे मुख्य सामना कॅट्झ आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली यांच्यात आहे. आणि आपल्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते, पास्ट्रामी आणि कॉर्न्ड बीफ हे दोन्ही बीफच आहे, तुम्ही बीफ खात नसाल तर या भागातली निम्मी मजा तुमच्यासाठी नाहीच, तेव्हा कुणीतरी लिस्टमध्ये लिहिलंय म्हणून तासभर रांगेत उभं राहू नका, सरळ खाली बेगलकडे जा. टर्की सँडविच मिळतं दोन्हीकडे, पण फक्त टर्कीसाठी एवढी रांग लावण्यात अर्थ नाही.

कॅट्झ १८८८ पासूनची, ईस्ट ह्यूस्टन आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, एफ ट्रेनचं सेकंड अ‍ॅव्हेन्यू स्टेशन अगदी जवळ. पास्ट्रामी हाताने जाड कापतात, कापणारा माणूस आधी एक तुकडा चाखायला देतो, तेव्हा एखादा डॉलर टिप ठेवायची पद्धत आहे. मांस जास्त रसाळ हवं असेल तर तसं सांगा, फार कोरडं नको म्हणा, कारण चरबीशिवायची पास्ट्रामी म्हणजे निम्मी चव गेली. राय नावाच्या धान्याचा ब्रेड, मस्टर्ड, बस. मेयोनीज मागू नका प्लीज. दारात प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात, त्यावर तुम्ही घेतलेलं लिहिलं जातं आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे द्यायचे, काही घेतलं नसेल तरी परत द्यायचं, हरवलं तर पन्नास डॉलर लावतात, म्हणून मुलांची तिकिटं स्वतःकडे ठेवा. सँडविच तीस डॉलरच्या आसपास जातं, ऐकून धक्का बसतो पण दोघांत एक पुरतं. दुपारच्या वेळी गर्दी भयंकर असते, आवाज, धक्काबुक्की, टेबल शोधत ताट घेऊन फिरणं, तरुण मंडळींना हे आवडतं, गुडघेदुखीवाल्या आईबाबांना अजिबात नाही.

आईबाबा बरोबर असतील तर मी सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीच सांगेन. १९५४ ची, नाव सेकंड अ‍ॅव्हेन्यूचं पण मूळ जागा २००६ मध्ये बंद झाली आणि २००७ पासून ती ईस्ट ३३ व्या स्ट्रीटवर आहे, नावावरून पत्ता शोधायला गेलात तर चुकाल. इथे बसायला नीट टेबल, वेटर येतो, बसल्या बसल्या लोणच्याच्या काकड्या आणि कोबीचं सॅलड समोर येतं. माझ्या मते पास्ट्रामीत कॅट्झ पुढे, पण मात्झो बॉल सूप, म्हणजे चिकनच्या पातळ सूपमध्ये मात्झोच्या (ज्यू लोकांच्या बिनयीस्टच्या कडक पोळीच्या) पिठाचा मोठा मऊ गोळा, ते इथलं जास्त चांगलं, थंडीत तर जीव की प्राण. ही पूर्ण कोशर डेली आहे, म्हणजे चीज नाही, क्रीम चीज नाही, कॉफीत खरं दूधसुद्धा नाही. कॅट्झ मात्र कोशर नाही, फक्त त्या पद्धतीची आहे, त्यामुळे तिथे चीज मिळतं. जुन्या लिस्टांमध्ये कार्नेगी आणि स्टेज ही नावं अजून फिरत असतात, स्टेज २०१२ ला आणि कार्नेगी २०१६ ला बंद झाली, तिकडे जाऊन वेळ घालवू नका.

आता बेगल आणि मासे, आणि माझा जीव खरं तर इथेच आहे. रस अँड डॉटर्स १९१४ पासूनचं, जोएल रस नावाच्या माणसाने सुरू केलं आणि १९३५ मध्ये आपल्या तीन मुलींना, हॅटी, आयडा आणि अ‍ॅन यांना, भागीदार करून घेतलं आणि पाटीवर तसं लिहिलं, त्या काळात दुकानाच्या नावात मुली असणं ही किती मोठी गोष्ट होती, मला ती पाटी बघूनच भरून येतं. दुकान अजून त्याच कुटुंबाकडे आहे, ईस्ट ह्यूस्टनवर, कॅट्झपासून चालत दोनतीन मिनिटं. आत गेलं की नंबर घ्यायचा आणि थांबायचं. मूळ दुकानात बसायला जागा नाही, बसायचं असेल तर ऑर्चर्ड स्ट्रीटवर त्यांचा कॅफे आहे, तो २०१४ चा.

काउंटरवर गोंधळ होतो तो सॅमनचा. लॉक्स म्हणजे फक्त मिठात मुरवलेला, धूर न दिलेला, प्रचंड खारट असतो, सवय नसेल तर पहिल्यांदा नोव्हा घ्या, तो थंड धुराचा, मऊ आणि सौम्य. कागदासारखा पातळ कापून देतात, तो कापताना बघणं हाच एक सोहळा आहे. आपण कोकणी-मालवणी लोक सुकटीच्या आणि सुरमईच्या चवीवर वाढलेले, आपल्याला व्हाइटफिश सॅलड किंवा सेबल (धुरी दिलेला ब्लॅक कॉड मासा) नक्की आवडेल, नुसतं सॅमनवर थांबू नका.

बार्नी ग्रीनग्रास याला तोडीस तोड, १९०८ पासून, अप्पर वेस्ट साइडला अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर, १ नंबर ट्रेनने ८६ व्या स्ट्रीटला उतरायचं. यांची खासियत स्टर्जन मासा, आणि कांद्याबरोबर परतलेल्या अंड्यात नोव्हा किंवा स्टर्जन, शेजारी बेगल. इथे निवांत बसून नाश्ता करता येतो आणि नंतर सेंट्रल पार्क किंवा नॅचरल हिस्टरी म्युझियम चालत जाता येतं, मुलं बरोबर असतील तर हा बेत फार सोयीचा. सोमवारी बंद असतं, रविवारी सकाळी झुंबड, म्हणून मधल्या वारी जा. माशाचा दर्जा दोन्हीकडे उत्तम, फरक एवढाच की रस अँड डॉटर्समध्ये निवड जास्त आणि इथे आराम जास्त. एकच निवड म्हणाल तर मी रस अँड डॉटर्सचं दुकान, वीकडेला, सकाळी उघडल्या उघडल्या.

शाकाहारी असाल तर या कुठल्याच नावामागे धावायची गरज नाही, नुसत्या बेगलच्या दुकानात जा. एस-अ-बेगल १९७६ पासूनचं, मोठे फुगीर बेगल, एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही, कांद्याच्या पातीचं किंवा भाज्यांचं क्रीम चीज घ्या, दूध नको असेल तर टोफूचं पण असतं. एग बेगलमध्ये पिठातच अंडं असतं हे लक्षात ठेवा, साधा, तीळ, खसखस किंवा सगळं लावलेला एव्हरीथिंग घ्यायचा. कोसार्स हे ग्रँड स्ट्रीटवरचं १९३६ चं दुकान बियालीसाठी, बियाली म्हणजे बेगलचाच भाऊबंद गोल पाव, ती बेगलसारखी उकळत नाहीत, थेट भाजतात, मधल्या खळग्यात कांदा, आणि गरम असतानाच खायची. हल्लीच्या नव्या दुकानांत हलके, कुरकुरीत बेगल मिळतात, तोडून क्रीम चीजमध्ये बुडवून खायचे, चांगले लागतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याने जुन्या पद्धतीचाच घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

चांगला बेगल कसा ओळखायचा तर माल्ट घातलेल्या पाण्यात आधी उकळून मग भाजलेला असतो, त्यामुळे वरची साल चकचकीत आणि चिवट, आत दाट. भट्टीतून आलेला असेल तर टोस्ट करू नका, टोस्ट म्हणजे कालची पोळी तव्यावर परतण्यासारखं, शिळ्यासाठी ठीक. आज्जीआजोबांना दातांचा त्रास असेल तर बेगल चावायला जड जातो, त्यांना बियाली बरी. आणि अख्खा बेगल नुसता घेतला तर सेल्स टॅक्स लागत नाही, कापून किंवा काही लावून दिला की लागतो, त्यामुळे डझनभर घरी न्यायचे असतील तर अख्खेच घ्या आणि क्रीम चीजचा डबा वेगळा.

शेजारच्या न्यू जर्सी राज्यात एडिसनला किंवा जर्सी सिटीला नातेवाईकांकडे उतरलेले असाल, आणि आपले बरेच जण तिकडेच उतरतात, तर शेवटच्या दिवशी सकाळी डझन घेऊन जा, घरी गेल्यावर त्याच दिवशी कापून फ्रीझरमध्ये टाकायला सांगा, फ्रिजमध्ये नाही, फ्रिजमध्ये लवकर शिळे होतात. विमानात हातातल्या बॅगेत बेगल चालतात पण क्रीम चीज जेलमध्ये धरतात, १०० मिलीच्या वरचा डबा सिक्युरिटीला काढून घेतात, तो चेक-इन बॅगेत टाका.