सांगलीत घर घेताय? गावभाग की विश्रामबाग

फ्लॅट बघायला गेलं की आपण आधी दर विचारतो. सांगलीत पहिला प्रश्न वेगळा हवा: 2019 ला इथं पाणी कुठवर आलं होतं?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही महापुरांत पाणी 50 फुटांच्या वर गेलं, 2019 ला तर 57 च्याही पुढं.

गावभाग म्हणजे नदीकाठची जुनी सांगली. इथं बाजारपेठ, गणपती मंदिर, दवाखाने सगळं चालत जाण्याजोगं. हे सुख खरंच मोठं आहे. पण "दुसरा मजला आहे, पाणी येत नाही" एवढ्यावर व्यवहार करू नका. मीटर, पाण्याची मोटर, लिफ्टची यंत्रणा, जमिनीखालची टाकी कुठं आहे ते बघा. ती बुडाली की कोरड्या घरातही वीज नाही, प्यायला पाणी नाही आणि बाहेर पडायला बोट लागते. घरात डायलिसिसचा रुग्ण किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर माझ्या मते हा पर्याय तिथंच संपतो.

विश्रामबाग उंचावर आहे, नदीचा धोका कमी. रोज पेठेत यायचं असेल तर जाण्यायेण्याचा वेळ आणि पेट्रोल धरा, बाकी तक्रारीला जागा नाही. मात्र "नदीपासून लांब" म्हणजे "कोरडं" नव्हे. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात साध्या पावसाचंही पाणी तुंबतं. प्लॉट उन्हाळ्यात बघितला असेल तर जुलैत पुन्हा बघा. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला असेल तर नियमितीकरणाचे कागद आधी मागा.

पूररेषेबद्दल एक गैरसमज फार महागात पडतो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून माणूस निवांत होतो. पण निळ्या रेषेवर दरवर्षी 4 टक्के शक्यता असते. कर्ज 20 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता 56 टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेवरही ती 18 टक्के भरते.

दोन्ही घरं परवडत असतील तर मी विश्रामबागच सुचवेन. दुकान पेठेतच आहे, गावभाग सोडता येत नाही, असं असेल तर मीटर उंचावर घेतलेली इमारत शोधा आणि विमा काढा. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. आणि इसार देण्याआधी तळमजल्यावरच्या जुन्या भाडेकरूला गाठा. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ते तो हातानं दाखवेल.