झेंडे आणि चिन्हांचा कार्ड सेट: छपाई झकास, मजकूर घाईतला

कार्डं जाड आहेत, रंग एकदम मस्त, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्वस्तिकाच्या कार्डावर 'नाझी चिन्ह' एवढंच छापून मोकळे झालेत, अरे नाझी पक्षाने ते १९२० मध्ये उचललं, त्याच्या कितीतरी आधीपासून हिंदू, बौद्ध, जैन लोक ते शुभ म्हणून काढतायत, आणि फिनलंडच्या हवाई दलाने तर १९१८ पासूनच विमानांवर रंगवलेलं, त्याचा हिटलरशी काय संबंध? जर्मनीत नाझी चिन्ह म्हणून मिरवणं गुन्हा आहे हे तरी नीट दिलंय.

जपानच्या उगवत्या सूर्याच्या झेंड्याचं कार्ड मात्र भारी जमलंय. लाल गोळा, त्यातून निघालेले १६ किरण, आणि मागे लिहिलंय की जपानचं सागरी दल आजही हाच लावतं, पण कोरियाने १९१० ते १९४५ जपानी राजवट भोगली त्यामुळे तिकडे तो नुसता दिसला तरी लोकांच्या डोक्यात तिडीक जाते. सगळी कार्डं अशी हवी होती ना!

कॉन्फेडरेट झेंड्याला (अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा) दोनच ओळी, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने २०२० मध्ये तो राज्याच्या झेंड्यातून काढला हेसुद्धा नाही. मुलांसाठी घेणार असाल तर सोबत बसा. पाचपैकी तीन स्टार.