ट्रेल रेसचे पैसे भरायच्या आधी हे वाचा (आमचे गेलेत)

पावसाळा ओसरला की आपल्याकडे ट्रेल रेसचा, म्हणजे डोंगरवाटांवरच्या पळण्याच्या शर्यतींचा सीझन सुरू होतो आणि ग्रुपवर रोज एक नवीन पोस्टर येऊन पडतं. त्यातल्याच एका पोस्टरपायी माझे आणि माझ्या रनिंग ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचे पैसे गेलेत, आणि तीच माणसं यंदा दुसऱ्या नावाने परत येतील अशी मला दाट शंका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. रेसचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ते नाव आता कुठेच सापडणार नाही.

रेस ५० किमीची, राजगड-तोरणा पट्ट्यात. एलिव्हेशन गेन (एकूण चढ) २४०० मीटर, फी ४५०० पण अर्ली बर्डला, म्हणजे लवकर नाव नोंदवलं तर ३६००, त्यात टीशर्ट, मेडल, आदल्या रात्रीचा टेंट आणि जेवण. पोस्टर झकास होतं, व्हॉट्सअॅपवर विचारलं तर पाच मिनिटांत उत्तर, मराठीत, एकदम आदबीने, "ताई, तुमची पहिलीच ५० के का? मग आमचा ट्रेनिंग प्लॅन पाठवतो." आणि प्लॅन खरंच आला, तोही बरा होता. ज्याला पैसे उकळायचेत तो इतकी मेहनत घेईल असं कुणाच्या डोक्यात येणार?

मी रस्त्यावर हाफ मॅरेथॉन पळणारी, डोंगरातलं ५० किमी म्हणजे वेगळंच प्रकरण. आठवड्यात वेताळ टेकडी आणि शनिवारी पहाटे हेडलॅम्प लावून आतकरवाडीतून सिंहगड, वर गेलं की लगेच खाली आणि परत वर. चढ साधारण सहाशे मीटरचा आहे पण खरा कस उतारावर लागतो, मांड्या अशा भरून येतात की सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरायचा. खाण्याचीही प्रॅक्टिस केली कारण पाच-सहा तासांनी गोड एनर्जी जेल घशाखाली उतरत नाही, मग उकडलेला बटाटा मीठ लावून, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, बाटलीत ओआरएस. हे सगळं सांगतेय कारण नुसते ३६०० रुपये गेले असं नाहीये, त्या तारखेवर डोळा ठेवून कितीतरी पहाटा, घरचे कार्यक्रम, झोप दिलेली असते, त्याचा हिशोब कुठल्याच तक्रारीत मांडता येत नाही.

पैसे भरताना साइटवर लिहिलेलं की पेमेंट गेटवेचं काम चालू आहे, तूर्तास यूपीआय करा. यूपीआय करताना नाव आलं ते कुठल्यातरी बाईंचं, संस्थेचं नाही. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. ही पहिली खूण. पोस्टरवर इट्राचा लोगो होता, इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशनचा. लोगो काय कुणीही चिकटवतं हो, पण इट्राच्या साइटवर रेसचं कॅलेंडर असतं, तिथे नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. आम्ही नंतर बघितलं, ही रेस तिथे नव्हतीच.

आणि मग जीपीएक्स, म्हणजे मॅपवर उघडता येणारी रूटची फाइल. रूट कसाय ते बघायचं म्हणून खूप मागे लागल्यावर त्यांनी फाइल पाठवली. माझ्या रनिंग पार्टनरने ती मॅपवर उघडली आणि बराच वेळ काही बोललाच नाही, मग फोन माझ्यासमोर धरला. खरा पळून रेकॉर्ड केलेला ट्रॅक डोंगराच्या वाटेसारखा वेडावाकडा असतो, दर काही मीटरला एक पॉइंट. ही रेघ मात्र पट्टीने ओढल्यासारखी सरळ, आणि एका ठिकाणी तर थेट गुंजवणी धरणाच्या पाण्यावरून पलीकडे गेलेली! २४०० मीटरचा चढ म्हणत होते तो फाइलमध्ये नऊशेसुद्धा भरेना. म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून माऊसने रूट काढला होता, त्या वाटेवर यांच्यातल्या एकाचाही पाय लागला नव्हता.

त्याच रविवारी आम्ही गाडी काढून वेल्ह्याच्या बाजूला गेलो, स्टार्ट पॉइंट म्हणून ज्या गावातल्या शाळेचं मैदान सांगितलेलं तिथे. शाळेसमोरच्या टपरीवर चहा घेतला आणि काकांना विचारलं. ते म्हणाले, "न्हाय बा ताई, असलं काय कानावर न्हाय. मागं पळणारी पोरं आली व्हती ती आधी ग्रामपंचायतीत कागद देऊन गेली, पाणी कुठं ठेवायचं, गाड्या कुठं लावायच्या, समदं इचारून." ही गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. खरी रेस असेल तर वनखातं, पोलीस, ग्रामपंचायत, गडावरून रूट असेल तर पुरातत्त्व विभाग, कुठे ना कुठे कागद फिरलेला असतो आणि आयोजकांना विचारलं तर ते दाखवतात. आमच्या रेसच्या माणसाला परवानगीचं पत्र मागितलं तर म्हणे, "ते कॉन्फिडेन्शियल असतं." परवानगी कसली कॉन्फिडेन्शियल?

अशा लोकांनी खरंच रेस घेतली असती तर काय झालं असतं या विचाराने मला जास्त राग येतो. चीनमध्ये गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला १०० किमीच्या डोंगरी रेसमध्ये अचानक गारठा, पाऊस आणि वारा आला आणि २१ धावपटू दगावले, त्यात चांगले नामांकित लोक होते, आणि विंडचीटर जॅकेट तिथे सक्तीच्या सामानात नव्हतं. आमच्या या रेसच्या माहितीत सक्तीच्या सामानाची यादीच नव्हती. कट-ऑफ (किती वेळात संपवायची ती मर्यादा) नाही, डॉक्टर कुठे ते नाही, मध्ये कुणी रेस सोडली तर त्याला खाली कुठून आणणार तेही नाही. मेडलचा फोटो मात्र चारी बाजूंनी.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी पावसामुळे रूट खराब म्हणून तारीख पुढे, मग परत पुढे, मग रेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिन बोलू शकतो असं सेटिंग, आणि शेवटी रिफंडचा मेसेज. इथे दुसरा डाव होता. एक क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल." नाशिकच्या एका दादांनी टाकला आणि त्यांच्या खात्यातून अजून ९००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपल्याच खात्यातून जाणार. घरातल्या मोठ्या माणसांना पण हे सांगून ठेवा.

पैसे गेल्याचं कळलं की लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. सरकारच्या cybercrime पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही होते, आणि बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. नुसता पेमेंटचा स्क्रीनशॉट ठेवू नका, स्टेटमेंटमधला यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर लागतो. ग्रुपमधून बाहेर पडून चॅट डिलीट करायच्या आधी ते एक्स्पोर्ट करून ठेवा. आमच्यातले काही जण रागारागात लेफ्ट होऊन चॅट डिलीट करून बसले आणि त्यांच्याकडे आता मेसेज दाखवायला काहीच नाही. आमची तक्रार नोंदवली गेलीये, पोचपावती नंबर मिळालाय, पैसे अजून आले नाहीत. तुमच्यापैकी कुणी राजगड-तोरण्याच्या अशाच रेससाठी कुणा बाईंच्या नावाच्या यूपीआयवर पैसे भरले असतील तर रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका, स्वतःची वेगळी तक्रार करा.