एव्हो: फायटिंग गेमवाल्यांनी बघायलाच हवी

स्ट्रीट फायटर, टेक्कन आवडत असेल तर लास वेगासला होणाऱ्या एव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेचं स्ट्रीम बघाच, फुकट आहे. मला सगळ्यात भारी वाटतं ते ओपन ब्रॅकेट, फी भरली की कोणीही उतरू शकतं आणि पहिल्याच पूलमध्ये (सुरुवातीच्या गटात) समोर चॅम्पियन येऊ शकतो, २०२३ ला तर एकट्या स्ट्रीट फायटर ६ ला ७ हजारांवर खेळाडू होते! एकदा हरलात की लूजर्स ब्रॅकेट, म्हणजे हरलेल्यांचा वेगळा ड्रॉ, दुसऱ्यांदा हरलात की बाहेर, त्यामुळे लूजर्समधून वर येणाऱ्याची मॅच बघताना नुसता घाम फुटतो. लाहोरचा टेक्कनवाला अर्सलान अ‍ॅश २०१९ ला आधी जपानची एव्हो जिंकला, मग फायनलला कोरियाच्या 'नी' (Knee) या खेळाडूला हरवून वेगासची पण, काय खेळलाय तो!

खटकतं एवढंच की पूल्समधल्या बऱ्याच मॅच स्ट्रीमवर येतच नाहीत, आणि फायनलसाठी आपल्याकडे रविवारी रात्रभर जागावं लागतं.

नवीन असाल तर थेट टॉप ८ (शेवटचे आठ खेळाडू) पासून बघा. त्याआधी २००४ च्या एव्होची दायगो विरुद्ध जस्टिन वाँग ही स्ट्रीट फायटरची मॅच बघा, थोडीशी हेल्थ उरलेली असताना दायगोने वाँगच्या चुन-ली या कॅरेक्टरचा आख्खा सुपर (सगळ्यात मोठा अटॅक) पॅरी केलाय, म्हणजे प्रत्येक फटका अचूक टायमिंगने परतवलाय, आणि मागे पब्लिकचा आवाज ऐका फक्त.