सॉफ्टवेअरचे पैसे 'ऑफिस खर्चा'त टाकावेत का वेगळं लेजर काढावं?

मार्च जवळ आला की हा प्रश्न येतोच. यंदा दोघांनी विचारला, एक विश्रामबागेतला फ्लेक्सवाला मित्र आणि एक माझ्याकडं शिकून गेलेली पोरगी, ती आता घरूनच लोगो आणि इन्स्टाच्या पोस्टी करते. इलस्ट्रेटर, कॅनव्हा वगैरे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं दर महिन्याला कटतं ते सरळ 'ऑफिस खर्चा'त ढकलायचं का 'सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शन' म्हणून वेगळं लेजर, म्हणजे हिशोबात वेगळं खातं काढायचं? मी दोन्ही करून बघितलंय, आधी चार वर्षं ते आणि आता तीन वर्षं हे, म्हणून लिहितोय. सीए नाही मी, हे आधीच सांगतो.

टॅक्सच्या बाजूनं बघितलं तर दोन्ही तेच. इनडायरेक्ट खर्चातच बसतं, नफा तेवढाच कमी होतो. आणि छोट्या धंद्यांसाठीच्या, ४४एडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत रिटर्न भरत असाल, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरून, तर खर्च वेगळा वजा होतच नाही, मग कुठंही टाका. फक्त कोरलड्रॉ कुणी एकरकमी विकत घेतलं असेल तर ते या भानगडीत येत नाही, ते मालमत्तेत जातं आणि त्यावर कॉम्प्युटरसारखा ४० टक्के घसारा, घेतल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा.

ऑफिस खर्च सोपा आहे, मान्य. सीएंच्या ऑफिसातला पोरगा स्टेटमेंट बघतो आणि चहा, झेरॉक्स, कुरिअर, ब्रॉडबँड सगळं एकाच पोटात घालतो, आपल्याला फोनसुद्धा येत नाही. एकच सॉफ्टवेअर असेल तर याच्या पुढं जायची गरज नाही असं मला अजूनही वाटतं.

मला नडलं ते वेगळंच. तासगावच्या एका बेदाणावाल्याचे बॉक्स करत होतो, त्याला मॉकअप, म्हणजे बॉक्स तयार झाल्यावर कसा दिसेल ते चित्र दाखवायला एक साइट घेतली, पहिला महिना स्वस्त आणि पुढं ८४९. बॉक्स छापून गेले, माल बाजारात गेला आणि मी साइट विसरलो. कार्डवर ऑटो-पे चालूच. पैसे कटायच्या आधी बँकेचा मेसेज यायचा म्हणे, पण तो लोनवाल्यांच्या मेसेजांत कुठं वाहून जायचा कोण बघतंय, आणि स्टेटमेंटवर साइटचं नावही नाही, पैसे घेणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं तुटकं नाव, त्यामुळं हिशोबात ते गुमान ऑफिस खर्च म्हणून बसलं. सात महिने. ५,९४३ रुपये. सापडलं कसं तर बायकोनं विचारलं, "अहो, दुकानात चहाला एवढे जातात?" मी भांडायलाच बसलो की चहाचे नाहीत म्हणून, आणि सिद्ध करायला लेजर उघडलं तर पावणेदोनशे एंट्र्या, एक-एक बघता बघता रात्रीचे साडेअकरा. रक्कम तशी एका लग्नपत्रिकेच्या कामाची, मरू दे, पण ती रात्र विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी टॅलीत वेगळं लेजर काढलं, मिनिटभराचं काम. त्यात वर्षाला चाळीस-पंचेचाळीस एंट्र्या, वरनं खाली बोट फिरवलं की कोण नेहमीचा आणि कोण आगंतुक ते कळतं. नॅरेशनमध्ये, म्हणजे एंट्रीखालच्या टिपेत सॉफ्टवेअरचं नाव आणि महिना टाकायचा, एवढंच पथ्य. डॉलरमध्ये कटत असेल तर बँकेचा मार्कअप, म्हणजे डॉलर बदलायचा वरचा आकार, बँक चार्जेसला टाका, नाहीतर बिल आणि एंट्री जन्मात जुळत नाही. जीएसटीवाल्यांना अजून एक, सगळी बिलं एका जागी आली की आपला जीएसटी नंबर कुठल्या बिलावर पडलेला नाही ते दिसतं, नंबर नसेल तर त्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून मिळणारी वजावट, गेलं. माझं एक अकाउंट दोन वर्षं घरच्या नावानं चालू होतं. असो.

कटकट यातही आहे. जानेवारीच्या १ तारखेला वर्षाचा प्लॅन घेतला तर नऊ महिन्यांचे पैसे पुढच्या आर्थिक वर्षाचे, ते प्रीपेड, म्हणजे आगाऊ भरलेला खर्च म्हणून दाखवायचे का, यावर सीएंचं आणि माझं दर वर्षी होतं. ऑफिस खर्चात होतं तेव्हा कुणी विचारतही नव्हतं. आणि एखाद्या गिऱ्हाइकापुरताच घेतलेला फॉन्ट किंवा फोटो मी या लेजरमध्ये घेत नाही, तो त्याच्या कामाचा खर्च, त्याच्याच बिलात लावायचा.

फ्लेक्सवाल्याला म्हटलं, तुझं एकटं कोरल आहे, राहू दे तसंच. पोरीला मात्र म्हटलं, लेजरचं नंतर बघू, आधी कार्डाचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढ. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "सर, एक निघालं. ३९९ चं. दिवाळीपासून."